मिस्त्रींची दोरी

आमच्या हॉलमधल्या फरशा एका दुपारी आपण होऊन उठल्या. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. बाहेर नारळ फोडावा तसा एक आवाज आला, मग दुसरा, मग बराच वेळ नुसतीच करकर. धावत बाहेर येऊन पाहते तर टीव्हीसमोरच्या चार फरशा एकमेकींना डोकं टेकून तंबूसारख्या उभ्या होत्या आणि आमचे हे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते.

"मी काही केलेलं नाही," हे म्हणाले.

घरात कुठेही काही फुटलं की यांचं पहिलं वाक्य हेच असतं. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्याचा हा परिणाम.

वारज्यातला हा फ्लॅट आम्ही घेतला त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं होतं ते वेगळंच. तेव्हा आता हॉल, बेडरूम आणि बाथरूम एकदमच करून घेऊ असं ठरलं. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, कुणाला खात्रीचा कॉन्ट्रॅक्टर माहीत आहे का? तासाभरात अकरा उत्तरं आली. त्यात चार 'अरे बापरे' होते, तीन जोडलेले हात होते, आणि 'दुपारचा आवाज तुमच्याकडचा होता का, आमची झोपमोड झाली' असं एक होतं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं, 'चांगला कोण ते माहीत नाही. टाळावेत असे कोण ते हवं असेल तर यादी तयार आहे.' उरलेल्या दोघांनी एकाच माणसाचा नंबर दिला. म्हटलं, दोघांचं एकमत झालंय म्हणजे माणूस बरा असणार.

तो दुसऱ्याच दिवशी आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने खोल्यांचे फोटो काढले, बोटाने काहीतरी इकडेतिकडे सरकवलं आणि नवा हॉल कसा दिसेल ते आम्हाला दाखवलं. हॉल एखाद्या हॉटेलसारखा दिसत होता. आमच्या सोफ्याच्या जागी दुसराच सोफा होता आणि त्यावर एक परकं जोडपं कॉफी पीत बसलं होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"ते सॅम्पल आहेत, काकू."

"आणि आम्ही कुठे आहोत?"

"तुम्ही टेन्शन घेऊ नका, काकू. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी तुम्ही फक्त पाय ठेवायचा."

मी म्हटलं, तुमचं आधीचं एखादं काम बघायला मिळेल का? त्याने पटकन दोन पत्ते लिहून दिले. "कधीही जा, काकू. माझं नाव सांगा." लोक 'कधीही जा' म्हणतात, कारण सहसा कुणी जात नाही. मी जायचं ठरवलं.

मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आहे. एखादं उत्तर बरोबर आहे असं कुणी नुसतं सांगितलं की मला ताळा केल्याशिवाय राहवत नाही. बाथरूमचा ताळा अगदी सोपा असतो. जमिनीला उतार हवा आणि तो मोरीच्या जाळीकडेच हवा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून काचेची एक गोटी विकत घेतली. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, "बाथरूमसाठी."

पहिलं घर सिंहगड रोडला होतं. तिथल्या बाई फार अगत्याच्या. कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढताच त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि तासभर त्याचं कौतुक केलं. किती गोड बोलतो, दिवाळीला मेसेज पाठवतो, वगैरे. मग मी बाथरूमच्या मध्यभागी गोटी ठेवली. ती क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि जाळीकडे पाठ फिरवून थेट दाराकडे निघाली.

"पाणीसुद्धा तिकडेच जातं," बाई म्हणाल्या. "म्हणून आम्ही बाहेर वायपर ठेवलाय. पण माणूस खरंच चांगला आहे हो."

जिना उतरताना हे म्हणाले, "लोकांच्या घरात जाऊन गोट्या काय खेळतेस? शोभतं का?" मी म्हटलं, "तुम्ही दोन ग्लास सरबत प्यायलात, ते शोभलं का?"

दुसरं घर शनिवार पेठेत, एका नव्या इमारतीत. एका वयस्कर गृहस्थांनी आतलं दार उघडलं, जाळीचं दार बंदच ठेवलं आणि आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आम्ही तुमची बाथरूम बघायला आलोय," मी म्हणाले.

"या. तिकीट नाही."

बाथरूम नुकतीच धुतली होती. मी गोटी दाराशी ठेवली. ती निघाली, भिंतीच्या कडेने एक छान वळण घेतलं आणि घाई न करता, पण कुठेही न थांबता मोरीच्या तोंडाशी पोचली. धुताना त्यांनी तिथली जाळी काढून ठेवली होती. आतून 'टुप्' असा आवाज आला.

"गोटी तुमची आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"होती," ते म्हणाले.

मी माफी मागितली आणि म्हटलं, "पण उतार काय सुंदर काढलाय!"

"काढलाच आहे. फक्त तुमच्या त्या टॅबवाल्याने नाही. त्याने केलं तेव्हा पाणी देवघरापर्यंत जायचं. देवांना रोज दोनदा आंघोळ. मग सगळं उखडलं आणि धायरीच्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं."

"मग त्याने तुमचा पत्ता का दिला?"

"विसरला असेल. किंवा कुणी येत नाही असं त्याला वाटत असेल. गेल्या वर्षीही एक जण आले होते. पण ते रिकाम्या हाताने आले होते." त्यांनी मिस्त्रींचा नंबर एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून दिला आणि वर म्हणाले, "सांभाळून बोला. त्यांना सगळीच गिऱ्हाइकं पसंत पडत नाहीत."

मला वाटलं, ही शनिवार पेठी थट्टा असेल. पण ती थट्टा नव्हती.

मिस्त्री रविवारी सकाळी आले. साठीच्या आसपासचे, काटक, पांढरी टोपी, खिशात पेन्सिलीचा तुकडा. चहा नको म्हणाले. उभ्या राहिलेल्या फरशांकडे त्यांनी नुसती एक नजर टाकली आणि मग आमच्याकडेच बघत बसले.

"फरशीचं काय, ती लागंल," ते म्हणाले. "घरात माणसं किती?"

"आम्ही दोघंच."

"आन् बोलणारं किती?"

मी तोंड उघडलं आणि ह्यांनी छताकडे पाहिलं. मिस्त्रींनी तेवढ्यात काय ते ओळखलं असावं.

"माझी एकच अट हाय," ते म्हणाले. "कामाचं माझ्याशी एकानंच बोलायचं. दोघं बोलले की फरशी वाकडी लागती. साहेब बोलतील. बाई, तुमचं काही असंल तर साहेबांना सांगा, ते मला सांगतील."

"आणि किती दिवस लागतील?" मी विचारलं.

मिस्त्री ह्यांच्याकडे वळून थांबले. हे भांबावले. मग ह्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"उखडल्याबिगर सांगता येत न्हाई, साहेब."

पस्तीस वर्षं ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्याने चाळीस मुली चिडीचूप व्हायच्या, तिला स्वतःच्याच घरात दुभाषा लागणार होता. आणि दुभाषा कोण, तर ज्यांना स्वतःला शर्ट कुठल्या रंगाचा हवा हे आजपर्यंत सांगता आलेलं नाही ते. पण शनिवार पेठेतला उतार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी कबूल झाले.

काम सुरू झालं. मिस्त्री बरोबर नऊला येत. त्यांच्यासोबत माल कालवायला आणि ओझी उचलायला एक मुका वाटावा इतका कमी बोलणारा गडी असे. बेडरूम झाली, बाथरूम झाली. मला नाव ठेवायला जागा मिळेना, त्याचाच त्रास व्हायला लागला. काही सुचलं की मी ह्यांना चिठ्ठी लिहून देत असे. हे चिठ्ठी घेऊन हॉलमध्ये जायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, हिचं असं म्हणणं आहे, पण तुम्ही बघा." ह्या 'पण तुम्ही बघा'मध्ये माझ्या सगळ्या चिठ्ठ्या वाहून गेल्या. मग मी स्वयंपाकघरातून ह्यांनाच मोठमोठ्याने बोलायला लागले. "अहो, कोपऱ्यातली ती फरशी जरा खाली गेल्यासारखी वाटते नाही का?" बाहेरून मिस्त्रींचा आवाज यायचा, "साहेब, बाईंना सांगा, तिच्यावर उजेड पडलाय."

हॉलची पाळी आली तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. मिस्त्रींनी हॉलच्या दोन टोकांना जमिनीत एकेक खिळा ठोकून मधोमध दोरी ताणली. मधून सुरुवात करायची आणि दोन्ही भिंतींकडे जायचं, म्हणजे दोन्हीकडे सारख्याच मापाचे तुकडे येतात, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, बाल्कनीच्या बाजूला अख्खी फरशी हवी. येणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. तुकडे असू देत सोफ्याच्या बाजूला, झाकून जातील. मी चिठ्ठी दिली. हे गेले, 'पण तुम्ही बघा' म्हणाले आणि परत आले.

दुपारी मिस्त्री आणि गडी डबा खायला खाली पार्किंगमध्ये वॉचमनजवळ जात. त्या दिवशी ते गेले आणि हे वाचनालयात गेले होते. मी कमरेला पदर खोचला, टेप घेतली, बाल्कनीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, फरशीच्या मापाने भागलं आणि दोरी किती सरकवायची ते काढलं. चार इंच निघालं. एकच खिळा हलवला असता तर दोरी तिरकी झाली असती आणि मिस्त्रींना लगेच कळलं असतं. मी भूमिती शिकवलेली बाई. मी दोन्ही खिळे उपटले आणि दोन्ही अगदी सारखे सरकवून पुन्हा ठोकले. जुन्या भोकांत ओला माल बोटाने भरला. हात धुतले आणि देवळात जाऊन आल्यासारखा चेहरा करून वरण फोडणीला टाकलं.

मिस्त्री आले आणि सोफ्याच्या बाजूने सुरू झाले. दिवस मावळेपर्यंत त्या बाजूच्या रांगा लागल्या. मी मनातल्या मनात स्वतःला शंभरपैकी शंभर देऊन ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीची बाजू. आधी मिस्त्रींनी तिथल्या भिंतीची जुनी स्कर्टिंग फोडली, म्हणजे भिंतीच्या पायाशी असलेली ती फरशीची पट्टी. तिच्यामागे जाडजूड माल निघाला, तोही फोडला. माझं माप होतं ते त्या स्कर्टिंगपर्यंतचं. भिंत तिच्याही मागे होती. शेवटची अख्खी फरशी टेकवून पाहिली तर ती आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट. इतकी अरुंद पट्टी कापता येत नाही, कापली तर टिकत नाही, आणि अशी पट्टी बरोब्बर बाल्कनीच्या दारासमोर येणार होती.

मिस्त्री बराच वेळ उकिडवे बसून राहिले. दोरीकडे पाहिलं, टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"दोरी म्याच लावली," ते गड्याला म्हणाले. "मोजलं बी म्याच. मग चार इंच गेलं कुठं?"

गड्याने मान हलवली. मी स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी होते. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी कोथिंबीर निवडत राहिले.

मिस्त्रींनी छिन्नी घेतली आणि आदल्या दिवशीच्या सगळ्या रांगा उचकटायला सुरुवात केली. संध्याकाळी निघताना ते ह्यांना म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. फुटल्या तेवढ्या फरशा मी आणून देतो. डोळ्याचं काईतरी झालंय बगा माझ्या. उद्या दवाखान्यात दाखवून येतो."

ते गेल्यावर हे माझ्याकडे पाहत राहिले.

"मी काही केलेलं नाही," मी म्हणाले.

ह्यांनी विचारलं, "किती सरकवलीस?"

"चार इंच."

"सांगून टाक त्यांना."

"उद्या सांगते."

पण उद्या मिस्त्री आले नाहीत. परवाही नाही. फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. हॉलभर उखडलेला माल, टीव्ही पलंगावर, फ्रिज पॅसेजमध्ये. त्याचं मला काही वाटत नव्हतं. डोळ्यांपुढे सारखे येत होते ते उकिडवे बसून दोनदोनदा मोजणारे मिस्त्री. तिसऱ्या दिवशी वॉचमनकडून त्यांचा पत्ता घेऊन आम्ही रिक्षा केली आणि धायरीला गेलो.

त्यांचं घर जुन्या गावठाणात होतं. मिस्त्रींच्या पत्नी ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मिस्त्री आत कॉटवर. आम्हाला पाहून ते उठले आणि गडबडीने काहीतरी उशीखाली सारलं.

मी बसलेसुद्धा नाही. शाळेत मुली जशा हात मागे बांधून कबुली द्यायच्या, तशीच उभी राहिले. "मिस्त्री, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. दोरी मी सरकवली. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. दोन्ही खिळे चार-चार इंच. चूक माझी आहे, तुमची नाही."

ओट्यावरचा शेंगांचा आवाज थांबला.

"दोन्ही खिळे?" मिस्त्रींनी विचारलं. आज पहिल्यांदाच ते कामाचं माझ्याशी बोलत होते.

"दोन्ही."

"सारखे?"

"अगदी सारखे."

"म्हंजी मी लावलेली दोरी बरोबर हुती?"

"सुतासारखी सरळ आणि बरोबर मध्यावर."

मला वाटलं होतं, ते रागावतील, हत्यारं घेऊन जातो म्हणतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ते बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? माझं बरोबर हुतं. आता नको ते." आणि त्यांनी उशीखालून काढून तिच्यापुढे ठेवला तो एक कोरा करकरीत चष्मा.

त्या माउलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरले.

"दोन वरीस मी मागं लागले हुते," त्या म्हणाल्या. "डोळं दाखवा, डोळं दाखवा. मीठ समजून साखर टाकत्यात भाजीत. परवा आपणहून गेले, नंबर निघाला, मी देवाला साखर ठेवली. आन् तुमी आला सांगायला, की डोळं चांगलंत म्हणून!"

"मग कामावर का आला नाहीत?" ह्यांनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "चष्मेवाल्या मिस्त्रीला काम कोण देतंय, साहेब?"

आता मला गप्प बसवणं कुणालाच शक्य नव्हतं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. मी ते खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "खालची बारीक अक्षरं वाचा."

"बाई, आता हे..."

"वाचा."

त्यांनी कॅलेंडर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. "एकादशी," ते म्हणाले.

"चष्मा लावून वाचा."

त्यांनी नाइलाजाने चष्मा लावला. बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अमावास्या हाय," ते हळूच म्हणाले.

त्यांच्या पत्नींनी तोंडाला पदर लावला. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं आणि म्हटलं, "उद्या नऊला वाट बघते. चष्म्यासकट."

मिस्त्री आले. नऊला, चष्म्यासकट. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं, टोपी काढून कोनाड्यात ठेवली, मग मागे विसरलेला हातरुमाल शोधायला म्हणून बेडरूममध्ये डोकावले आणि तिथेच थबकले.

"साहेब," त्यांनी आतून हाक मारली. "ही फरशी कुणी लावली?"

"तुम्हीच लावलीत, मिस्त्री. गेल्या आठवड्यात."

"शक्य न्हाई." ते गुडघ्यांवर बसले आणि दोन फरशांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. माझ्या शिक्षिकेच्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. ह्यांना तर नाहीच नाही. "केसभर वर हाय ही. आन् ती तिकडची. आन् ती बी."

"राहू द्या हो," मी कळवळून म्हणाले. "पलंगाखाली जाईल ते."

मिस्त्रींनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, कुणाशी बोलायचं ठरलंय?"

मी ह्यांना म्हटलं, "त्यांना सांगा, राहू द्या म्हणावं." हे म्हणाले, "मिस्त्री, हिचं म्हणणं आहे की राहू द्या, पण तुम्ही बघा."

मिस्त्रींनी बघितलं. बेडरूममधल्या पाच फरशा निघाल्या, बाथरूममधली एक निघाली. आठवडाभर आम्ही स्वयंपाकघरात गाद्या टाकून झोपलो आणि मी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. ह्यांच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं म्हणे. बाल्कनीच्या बाजूला शेवटी मिस्त्रींचे सारख्या मापाचे तुकडेच बसले. ते बरे दिसतात. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते आपणहून दाखवते.

काम संपलं त्या दिवशी मिस्त्री पत्नीला घर दाखवायला घेऊन आले. पत्नींनी चपला पार खाली जिन्यात काढल्या होत्या. सगळ्या खोल्या अनवाणी फिरून झाल्यावर त्या माझ्याजवळ नव्या फरशीवर चहा घेत बसल्या. बाल्कनीत मिस्त्री आणि हे काहीतरी बोलत उभे होते.

"आता कसं चाललंय चष्म्याचं?" मी विचारलं.

त्यांनी बशी खाली ठेवली, बाल्कनीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"काय सांगू, बाई. भाकरीवरचा काळा डाग दिसतो. भांड्याला राहिलेली राख दिसती. काल माझ्याकडं टक लावून बगत हुते, म्हणलं काय झालं? तर म्हणत्यात, तुझं केस कधी पिकलं?" त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "लई उपकार झाले तुमचे."